एकवचनी शाबासकी

इंदूताई उमरीकर कधी कुणाला 'छान' म्हणाल्याचं मला आठवत नाही.

आठ वर्षं आम्ही दोघी एका खोलीत बसलो. हैदराबादच्या आझमाबादेतला पाण्याचे पंप बनवणारा एक जुना कारखाना, आणि त्याच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावरची ही लांबट खोली. एका टोकाला माझा टेलिफोनचा बोर्ड, दुसऱ्या टोकाला त्यांचा टाइपरायटर. खिडकीला लागून चिंचेचं झाड होतं. त्यातून गाळून आलेलं ऊन दुपारभर फरशीवर हलत राहायचं. खालून लेथचा एकसुरी आवाज यायचा, आणि तीनच्या सुमाराला मला वाटायचं की आपण कारखान्यात नाहीच आहोत, कुठेतरी पाण्याखाली बसलोय. अजूनही डुलकी लागली की मी आधी त्या खोलीत जाते.

मी लग्न होऊन पुण्याहून आलेली. हैदराबाद मला परकं होतं, नोकरीही पहिलीच. पहिल्या आठवड्यात मी फोनवरचे निरोप चिठ्ठ्यांवर लिहून टेबलाटेबलावर ठेवत होते. इंदूताईंनी त्यातली एक चिठ्ठी उचलली, खिडकीकडे धरली आणि म्हणाल्या, "तुमचा एक आणि सात वेगळा ओळखू येतो." एवढं बोलून त्या पुन्हा टाइप करायला लागल्या.

मला जरा रागच आला. ही काय बोलायची पद्धत! पण संध्याकाळी घरी वाण्याची यादी करताना मी उगाचच दोनदा सात लिहिला, आणि आपण एवढ्या खूश का आहोत ते मला कळेना.

डब्याचंही तसंच. आम्ही दुपारी डबे एकत्र उघडायचो. माझी भाजी तोंडात घेऊन त्या थोडा वेळ थांबत. मग "मीठ बरोबर पडलंय," किंवा "मोहरी करपली नाही आज," एवढंच. सांगण्यासारखं काही नसलं तर मुकाट्याने जेवत. एकदा मी न राहवून विचारलं, "ताई, नुसतं छान म्हटलं तर काय बिघडेल?"

"बिघडत काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण छान म्हणायला बघावं लागत नाही. डोळे मिटून बी म्हणता येतं. मी साक्ष द्यायलेय ना, मग काय बघितलं ते नको सांगायला?"

त्यांचं मराठी असं होतं. घराणं तीन पिढ्यांपासून हैदराबादेत, वडील आणि आजोबा सरकारी नोकरीत. वडील शेवटपर्यंत उर्दू पेपर वाचत, असं त्या सांगत. कामगारांशी दख्खनी, मॅनेजर रावगारूंशी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि तिन्हींमध्ये 'हौ' आणि 'नक्को' सारखेच. इंग्रजी मात्र त्या बोलत नसत, फक्त लिहीत. खालच्या ड्रॉवरमध्ये पुठ्ठा गेलेला एक जाडजूड शब्दकोश होता. टाइप करता करता एखाद्या शब्दाशी अडल्या की बोटं तशीच टाइपरायटरवर अधांतरी राहायची आणि नजर चिंचेच्या झाडात शिरायची. शिपाई दारातूनच परत फिरायचा. "अम्मा गए," म्हणायचा. पाच मिनिटांनी, कधी पंधरा मिनिटांनी, इंदूताई शब्द घेऊन परत यायच्या.

एकदा कुणा बड्या माणसाचा भाचा तीन महिने आमच्याकडे शिकायला होता. शिकला काहीच नाही. दुपारी पॅकिंगच्या पेंढ्यावर झोपायचा, आणि उठला की सगळ्यांची चौकशी करत फिरायचा. जाताना त्याला प्रमाणपत्र हवं होतं. रावगारू म्हणाले, "इंदूगारू, मेहनती आहे असं लिहून टाका." इंदूताई झाडात गेल्या. परत आल्या आणि टाइप केलं, 'यांच्या उपस्थितीत आमच्याकडे एकही भांडण झालं नाही.' रावगारूंनी वाचलं आणि हसून हसून त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. कारण ते खरंच होतं. त्या तीन महिन्यांत शॉपमध्ये, म्हणजे खालच्या यंत्रशाळेत, आवाज म्हणून चढला नव्हता. सही झाली. पुढे त्याला एका हॉटेलात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत करायची नोकरी लागली आणि तिथे त्याचं फार उत्तम चाललं, असं कळलं.

मग नवं धोरण आलं. वर्तमानपत्रांतून रोज खुल्या बाजाराविषयी छापून यायचं. दुकानांत परदेशी पंप दिसायला लागले, हलके, निळे, खेळण्यासारखे. आमच्या मालकांनी कारखान्यातला मोठा हिस्सा दिल्लीच्या एका उद्योगसमूहाला दिला. त्याचा पहिला पुरावा म्हणून आमच्या खोलीत फॅक्सचं यंत्र येऊन बसलं. आणि एका सकाळी त्यातून गुळगुळीत कागद बाहेर आला. वर मोठ्या अक्षरात एकच इंग्रजी ओळ होती, 'मेनी कुडोज टु हैदराबाद युनिट!'

रावगारूंनी कागद उलटा करून पाहिला. "हे काय आहे? काही भरून पाठवायचंय का?"

"शाबासकी आहे," इंदूताई म्हणाल्या. "नोटीस बोर्डावर लावायला सांगितलंय खाली."

कागद लागला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या बोर्डावर खालून फोनवर फोन यायला लागले. एक वाजता गेटपाशी सगळी पाळी उभी. कारखाना कुडोज नावाच्या परदेशी कंपनीला दिला, अशी बातमी शॉपमध्ये फिरली होती. लिहिलंय तसं, 'कुडोज टु हैदराबाद युनिट'. कुणी म्हणे जर्मन आहे, कुणी म्हणे जपानी.

रावगारू घाबरले. इंदूताई छत्री घेऊन खाली गेल्या. मीही मागोमाग गेले. उन्हात त्या गेटजवळच्या दगडावर चढल्या आणि म्हणाल्या, "कंपनी नै है रे बाबा. क्यूडॉस. शाबाशी कू बोलते."

"कितनी शाबाशी?" मागून कुणीतरी ओरडलं. "मेनी लिखे हैं!"

सगळे हसले. इंदूताई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच समजावून सांगितलं. शब्द ग्रीक आहे. लढाईत काही करून दाखवलेल्या माणसाचं नाव लोकांच्या तोंडी राहतं, तसली ती कीर्ती. शेवटचा 'स' दिसतो तसा अनेकवचनाचा नाही, 'रस' शब्दातल्या 'स'सारखा तो शब्दाचाच आहे, काढता येत नाही. त्यामुळे एक कुडो, दोन कुडोज असं होत नाही. कीर्ती पुष्कळ असू शकते, पण चार कीर्त्या मोजून देता येत नाहीत. आणि अभिनंदन वेगळं. अभिनंदन लग्न झालं तरी करतात, लॉटरी लागली तरी करतात. हा शब्द काहीतरी केलेल्या माणसालाच द्यायचा.

अर्धं कळलं, अर्धं नाही, पण गर्दी निवळली. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या यादगिरीने हात वर केला. यादगिरी म्हणजे टेस्टिंगचा फिटर, पन्नाशीचा, बोलायला सावकाश.

"शाबाशी तो ठीक है अम्मा," तो म्हणाला, "पर किस बात की? उनों तो हमकू देखे बी नै."

कागदावर ते लिहिलेलं नव्हतं. इंदूताई दगडावरून उतरल्या. जिना चढताना त्या मला म्हणाल्या, "त्यानं बरोबर विचारलं. मला सुचायला पायजे होतं."

चार महिन्यांनी दिल्लीहून देसाई आले. तिशीचे, मुंबईचे, बोलायला अगदी गोड. त्यांच्या बॅगेत स्वेच्छानिवृत्तीची योजना होती. सव्वाशे माणसं जायची होती. नवे पंप तयारच येणार आणि इथे फक्त त्यांची जोडणी होणार. म्हणजे शॉपमधली अफवा अगदीच खोटी नव्हती, फक्त कंपनीचं नाव तेवढं चुकलं होतं.

मागे जे थोडे ठेवायचे होते त्यांत टेलिफोनवाली म्हणून माझं नाव होतं, आणि सेक्रेटरी म्हणून इंदूताईंचं.

प्रत्येकाला निरोपाचं पत्र द्यायचं होतं. देसायांनी मजकूर आणलाच होता, चार ओळींचा. 'तुमच्या मोलाच्या सेवेबद्दल कुडोज.' नावापुरती जागा रिकामी.

"फक्त नावं बदलायची, मॅडम," ते म्हणाले.

इंदूताईंनी कागद खाली ठेवला. "नाव बदलायचं तर वाक्य बी बदलाया लागेल ना."

दुसऱ्या दिवसापासून त्या जागेवर सापडेनाशा झाल्या. छत्री घेऊन शॉपमध्ये जायच्या, एखाद्या मशीनपासून चार हातांवर उभ्या राहायच्या आणि दहा मिनिटं बघायच्या. माणूस आधी अवघडायचा, मग विसरायचा, मग नेहमीसारखं काम करायला लागायचा. तेव्हा त्या वर यायच्या आणि चार-दोन ओळी टाइप करायच्या. ते दिवस माझ्या आठवणीत एकाच लांब दुपारीसारखे आहेत. चिंचेला कोवळी पालवी फुटली होती, कँटीनच्या बायका डाळीत घालायला ती ओच्यात खुडत होत्या, आणि खिडकीतून वाऱ्याबरोबर तिचा आंबूस वास येत होता.

यादगिरीच्या पानावर होतं, 'पंप सुरू झाला की हे डोळे मिटतात आणि कुठलं बेअरिंग आठ दिवसांत जाणार ते सांगतात. मी सहा वेळा पडताळून पाहिलं. सहाही वेळा त्यांचं बरोबर होतं.' कँटीनच्या लक्ष्मम्मांच्या पानावर, 'एवढ्या माणसांत बिनसाखरेचा चहा कुणाचा, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही.' एका हमालाच्या पानावर फक्त, 'जड बाजू नेहमी स्वतःकडे घेतली.'

अडलं ते स्टोअरच्या सत्यनारायणपाशी. त्याच्याशी इंदूताई नऊ वर्षं बोललेल्या नव्हत्या. त्याने एकदा गेटवर सगळ्यांसमोर त्यांची पिशवी उलटी करायला लावली होती. आत टाइपरायटरच्या रिबिनीचा रिकामा पत्र्याचा डबा निघाला होता, आणि त्याने तो जमा करून घेतला होता. त्याच्यासाठी त्या दोन दिवस झाडात जात होत्या आणि हात हलवत परत येत होत्या.

"सोडा ना," मी म्हणाले. "त्याला ठरलेलं पत्र द्या. त्याची लायकीच ती आहे."

"तसं कसं? इतकी वर्षं तो माझ्यासमोर होता." थोड्या वेळाने त्या उठून स्टोअरमध्ये गेल्या. खूप वेळाने आल्या. जुनी रजिस्टरं चाळत बसल्या होत्या. मग टाइप केलं, 'यांनी नियम सर्वांना सारखा लावला. स्वतःसाठी घेतलेल्या प्रत्येक पेन्सिलीपुढे यांची सही आहे.'

देसायांनी ती पानं वाचली तेव्हा मी समोरच होते. ते वाईट माणूस नव्हते. वाचता वाचता खुर्चीत पुढे सरकले. "सुंदर आहे हो हे," म्हणाले. मग कागद जुळवून परत दिले. "पण चालणार नाही. उद्या कुणी म्हणेल, मला कमी लिहिलं, त्याला जास्त."

"वाचून बघा," इंदूताई म्हणाल्या. "कुणालाच कमी नाही."

"मॅडम, दिल्लीहून आलेला मजकूरच जाईल. प्लीज."

इंदूताईंनी मान हलवली आणि दिल्लीचा मजकूर सव्वाशे वेळा टाइप केला. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. लेटरहेडच्या कपाटाची चावी माझ्याकडे असायची. मी ती दिली. त्यांनी लिहिलेलं दुसरं पान लेटरहेडवर झालं आणि प्रत्येक पाकिटात दिल्लीच्या पत्रामागे गेलं.

सह्या रावगारूंच्या. तेही योजनेत निघाले होते, त्यांचा शेवटचा आठवडा होता. इंदूताईंनी दोन्ही गठ्ठे समोर ठेवले आणि कुठला कुठला ते सरळ सांगितलं. रावगारूंनी पहिला गठ्ठा न बघता संपवला. दुसऱ्याला तीन दिवस लागले, कारण ते प्रत्येक पान मोठ्याने वाचत होते. आयुष्यभर वरून आलेल्या कागदावर निमूट सही करणारे ते भित्रे गृहस्थ. पण त्या तीन दिवसांत त्यांचा आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

पाकिटं वाटली गेली त्या दुपारी सत्यनारायण वर आला. इंदूताईंच्या टेबलासमोर कागद धरून उभा राहिला.

"ये आप लिखे?"

"हौ."

त्याने कागद खाली घेतला. "वो डिब्बे की बात..."

"वो बी सच था," इंदूताई म्हणाल्या. "डिब्बा खाली था, पर कंपनी का था. मेरेकू बटन रखने कू होना था."

त्याने कागदाची बारीक घडी केली, चष्म्याच्या केसमध्ये ठेवली आणि गेला.

आठवड्याच्या आत दिल्लीला कळलं. देसाई परत आले, आणि या खेपेला गोड बोलले नाहीत. त्यांनी आधी मला विचारलं, "लेटरहेड कुणी काढून दिलं? चावी तुमच्याकडे असते ना?"

खोलीच्या त्या टोकाला टाइपरायटर चालू होता. मी म्हणाले, "चावी मी बोर्डाजवळच ठेवते. कुणीही घेऊ शकतं."

टाइपरायटर थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

इंदूताईंना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एका ओळीत दिला: मी जे पाहिलं ते लिहिलं. जाणाऱ्यांच्या यादीत त्यांचंही नाव टाकलं गेलं. सेक्रेटरीची जागा मग भरलीच नाही. माझी नोकरी राहिली.

तो एक महिना आम्ही रोज डबे एकत्र उघडले. त्यांनी विषय काढला नाही, आणि मला काढवेना. शेवटच्या दिवशी त्या ड्रॉवर रिकामा करत होत्या तेव्हा मी कशीबशी म्हणाले, "ताई, मी खोटं बोलले त्या दिवशी. तुमच्यावर ढकललं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग झाडाकडे. मी वाट बघत उभी राहिले. आठ वर्षांत त्या इतका वेळ कधीच गेल्या नव्हत्या. खालची मशिनं बंद झाली होती, त्यामुळे पानांचा आवाज येत होता.

"मी चावी मागितली," शेवटी त्या म्हणाल्या, "तवा तुम्ही कशाला म्हणून विचारलं नाही. ते बी मी बघितलंय."

मी रडले. त्यांनी रडू दिलं, आणि मग मला शब्दकोश खाली रिक्षापर्यंत न्यायला लावला.

त्यांच्या पाकिटात दिल्लीचं एक पान होतं, बस. तो मजकूर त्यांना स्वतःच टाइप करावा लागला होता. नाव घालून, एकही चूक न करता.

यादगिरीला पुढे अफझलगंजमध्ये पंपदुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा त्यानेच सांगितलं. मालकाने ते पान वाचलं, हसला, आणि चार चालू पंपांसमोर त्याला उभं केलं. यादगिरीने डोळे मिटले आणि तिसऱ्याकडे बोट दाखवलं. मालकाने तो तिथल्या तिथे उघडला. "बेअरिंग तो गई थी," यादगिरी म्हणाला. सगळ्यांचंच असं झालं नाही. सत्यनारायण गावी गेला, लक्ष्मम्मांचं काय झालं मला कळलं नाही.

मीही दोन वर्षांनी तो कारखाना सोडला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या एका इमारतीत कॉम्प्युटरवाल्यांकडे लागले. नल्लकुंट्यातली खोली सोडून इंदूताई भाचीकडे राहायला गेल्या, एवढं कानावर होतं. जायचं जायचं म्हणत गेले नाही.

मग एका हिवाळ्यात, सकाळी सातच्या सुमाराला, मी मलकपेठेतून रिक्षाने चालले होते. धुकं होतं. अचानक सगळी रहदारी थांबली. रेसकोर्सचे घोडे फेरी संपवून रस्ता ओलांडत होते, एकामागून एक, अंगावर झुली, नाकातून वाफा. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. टापांचा आवाज तेवढा येत होता. पलीकडच्या फुटपाथवर, शालीचं टोक डोक्यावरून घेतलेल्या इंदूताई उभ्या होत्या. खूप बारीक झालेल्या. हातात दुधाची पिशवी.

मी हाक मारली. ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

सगळ्यांत शेवटी एक तांबडा घोडा होता आणि त्याला धरून चालणारा म्हातारा मोतद्दार, मान खाली घातलेला. तो जवळून जाताना इंदूताई त्याला काहीतरी म्हणाल्या. घोड्याबद्दल की त्याच्याबद्दल, कुणास ठाऊक. ओठ हलले, चार-पाच शब्दांपुरते.

मोतद्दार थांबला. त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या लगामाकडे. मग त्याने खांदे सरळ केले, घोड्याच्या मानेवरची झूल नीट ओढली, आणि दोघं रस्त्याच्या मधोमध, घाई न करता, धुक्यात शिरले.

रिक्षा सुटली. मी मागच्या फटीतून बघत राहिले. इंदूताई अजून त्याच दिशेला बघत होत्या.